तीनशे वॅटचा माणूस

परवा भरदुकानात, चार अनोळखी गिऱ्हाइकांच्या देखत, मला मेणबत्त्या विकत घेण्याचा सल्ला देण्यात आला. मी जनरेटर घ्यायला गेलो होतो. वीज गेल्यावर घरात चार दिवे लागावेत, पंखे फिरावेत आणि अर्धवट लिहिलेल्या मजकुरासकट लॅपटॉपने मान टाकू नये, एवढीच माझी इच्छा होती. ती इतकी हास्यास्पद असेल असे मला वाटले नव्हते, आणि खरे सांगायचे तर अजूनही वाटत नाही.

तयारीत मी काही कमी ठेवले नव्हते. घरातील उपकरणे उलटीपालटी करून त्यांच्यावरचे बारीक आकडे वाचले होते, पंख्यासाठी स्टुलावर चढलो होतो आणि सगळा हिशेब सुवाच्य अक्षरात कागदावर मांडला होता : ९ वॅटचे चार दिवे, ७५ वॅटचे दोन पंखे, राउटर १२, लॅपटॉप ६५ आणि दोन मोबाइलचे चार्जर मिळून ३६. बेरीज २९९. हातचा एक धरून ३००. बॅटरीवरचा इन्व्हर्टर का घेत नाही, असे ज्यांच्या ओठांवर आले असेल त्यांना सांगतो, की वीज तीन-चार तासांपुरती जात असेल तर तोच उत्तम. पण ती दिवसभर आली नाही तर रिकामी झालेली बॅटरी भरायला पुन्हा वीजच लागते.

दुकानदाराने कागदाकडे न पाहताच एका लालभडक यंत्राच्या पाठीवर थाप मारली. “पाच केव्हीए, सेल्फ स्टार्ट, फुल कॉपर वाइंडिंग. डोळे मिटून घेऊन जा, साहेब.” केव्हीएच्या आकड्याला साधारणपणे ०.८ ने गुणले की किलोवॅट निघतात, म्हणजे हे चार किलोवॅटचे प्रकरण झाले. माझ्या गरजेच्या तेरापटीहूनही मोठे. शिवाय साध्या जनरेटरची एक खोड असते. आपल्या घरातल्यासारखी ५० हर्ट्झची (सेकंदाला ५० वेळा आंदोलणारी) वीज हवी असेल तर त्यातील दोन ध्रुवांच्या अल्टरनेटरला, म्हणजे वीज तयार करणाऱ्या फिरत्या भागाला, मिनिटाला ३,००० फेरे घ्यावेच लागतात, मग त्यावर अख्खा बंगला चालवा नाहीतर एकच दिवा लावा. भार तेरापटींनी कमी केला म्हणून पेट्रोल तेरापटींनी कमी लागत नाही. मोठे इंजिन नुसते फिरत राहण्यासाठीच पुष्कळ पिते. हे सगळे मी दुकानदाराला समजावून सांगण्याच्या बेतात असतानाच माझ्या उजव्या हाताला उभ्या असलेल्या गृहस्थांनी प्रश्न केला, “लोड किती?”

हे गृहस्थ पंख्याचा कपॅसिटर घ्यायला आले होते. जुना कपॅसिटर त्यांनी नमुन्यादाखल वर्तमानपत्राच्या तुकड्यात गुंडाळून आणला होता आणि त्याच्या दोन लोंबत्या वायरी त्यांच्या बोटांमधून बाहेर डोकावत होत्या. “काका, अडीचचा देऊ की तीन पॉइंट पंधराचा?” असे दुकानदाराने त्यांना विचारले होते, त्यावर, “थांब रे, आधी यांचं बघू,” असे म्हणून त्यांनी स्वतःचे काम बाजूला ठेवले. त्यांना कोणी बोलावले नव्हते.

“तीनशे वॅट,” मी म्हणालो.

“किती?”

“तीनशे.”

“तीन हजार म्हणायचंय का तुम्हांला?”

मी नाही म्हणालो. काकांनी दुकानदाराकडे पाहिले, मग होल्डर घ्यायला आलेल्या बाईंकडे, मग ड्रिलची टोके निवडत असलेल्या तरुणाकडे, आणि सर्वांचे लक्ष आहे याची खातरजमा झाल्यावर म्हणाले, “अहो, तीनशेसाठी जनरेटर कोण घेतं? मेणबत्त्या लावा की!” होल्डरवाल्या बाई हसल्या. त्यांच्या हसण्याचे मला अजूनही वाईट वाटते, कारण त्या अगदी समंजस दिसत होत्या.

यानंतर काकांनी माझ्याच हातातला कागद घेतला, माझ्याच खिशातले पेन घेतले आणि माझ्या संसारात भर घालायला सुरुवात केली. प्रथम फ्रिज आला, १५०. “फ्रिजला का उपाशी ठेवायचं?” हे मला पटले. मग पाण्याचा पंप, ११००. आमच्याकडे पंप माझ्या मीटरवर नाही, हे मी सांगितले. तर “पुढेमागे येईल,” असे उत्तर मिळाले. मिक्सर ७५०. इस्त्री १०००. वीज गेलेली असताना इस्त्री कशाला, असे मी विचारले. “म्हणजे? वीज गेली म्हणून माणसाने चुरगळलेले कपडे घालून हिंडायचं?” गीझर २०००. शेवटी एसी १५००, कारण उद्या मुलीचे लग्न होईल, जावई येतील आणि त्यांना उकडेल. मला मुलगी नाही, असे मी शक्य तितक्या नम्रपणे सांगितले. “मुलगा तरी आहे ना? मग सून येईल. ती घरून काम करील. तिला दोन मॉनिटर लागतील.” मॉनिटरही कागदावर चढले. माझ्या नेटक्या २९९ या आकड्याखाली आता एक सहा हजार नऊशेच्या घरातली बेरीज उभी होती आणि तिच्याखाली काकांनी दोन रेघा मारल्या होत्या.

येथे मुद्दा संपला असता तर मी सोसले असते. परंतु काकांनी कपॅसिटरच्या वायरीने त्या बेरजेकडे निर्देश करून दुकानदाराला सांगितले, “हे सगळं गुणिले तीन. स्टार्टिंग करंट धरायला नको?”

चीड आणणारी गोष्ट अशी, की यात तथ्याचा अंश होता. मोटर असलेले उपकरण सुरू होताना क्षणभर आपल्या नेहमीच्या गरजेच्या कित्येक पट वीज ओढते. चालू झाल्यावर १५० वॅटवर समाधानी असणारा फ्रिजचा कॉम्प्रेसर त्या पहिल्या क्षणी लहान जनरेटरला गुडघे टेकायला लावू शकतो. म्हणूनच जनरेटरवर दोन आकडे असतात : सतत देता येणारा रेटेड आणि काही सेकंदांपुरता देता येणारा मॅक्सिमम. पण हा नियम मोटरचा आहे. इस्त्रीत आणि गीझरमध्ये तापणारी तार असते. ती सुरू होताना असा झटका देत नाही. मी तसे म्हणालो. काका माझ्याकडे कीव आल्यासारखे पाहत म्हणाले, “तुमची इस्त्री जुनी असेल.”

अशा वेळी मला मायकेल फॅरेडेची आठवण होते. १८३१ साली त्याने एका लोखंडी कड्यावर तारांची दोन वेटोळी गुंडाळली, एकीचा बॅटरीशी संबंध जोडला आणि तोडला, आणि दुसरीला लावलेल्या मापकाचा काटा किंचित हलला. जगातले सगळे जनरेटर त्या हललेल्या काट्याचे वंशज आहेत. त्या दिवशी फॅरेडेच्या शेजारी कपॅसिटर घ्यायला आलेले कोणी उभे नव्हते, हे मानवजातीचे नशीब. नाहीतर यावर गीझर चालेल का, या प्रश्नापाशीच विद्युतयुग अडकले असते.

मला लहानच दाखवा, असे मी तीनदा बजावल्यावर दुकानदाराने नाइलाजाने मागच्या खोलीतून एक धुळीने माखलेले खोके आणले. त्यावर वीतभर उंचीच्या अक्षरांत ९५० असे छापले होते. हे वॅट का, असे विचारल्यावर “तेवढंच समजा” असे उत्तर आले. यंत्राच्या बुडाशी चिकटवलेल्या पट्टीवर नखाएवढ्या अक्षरांत मात्र रेटेड ६५० असे होते. मोठा आकडा हा मॉडेलचा क्रमांक निघाला. क्रमांकाला कोण काय म्हणणार? हा धंद्यातला एक मान्यताप्राप्त विनोद असावा, कारण अशी खोकी सर्रास दिसतात, आणि ज्याने खोके वाचून खरेदी केली तो घरी जाऊन पट्टी वाचतो. बारीक अक्षरांबद्दल मी येथे अधिक लिहीत नाही, नाहीतर लेख विनोदी राहणार नाही.

दुकानदाराने ते यंत्र दुकानाबाहेर, उघड्यावर नेले, हे मात्र त्याच्या बाजूने नमूद केले पाहिजे. ते दोन-स्ट्रोकचे होते, म्हणजे त्याच्या पेट्रोलमध्येच तेल मिसळावे लागते. पुस्तिकेत ५० ला १ असे प्रमाण दिले होते, म्हणजे लिटरला २० मिलिलिटर. दुकानदाराने ते डबीच्या झाकणाने आणि अंदाजाने घातले. मग त्याने चोक ओढला आणि दोरी खेचली. यंत्राने एक उचकी दिली. त्याने पुन्हा खेचली, मग ड्रिलवाल्या तरुणाने खेचली, मग दोघांनी आळीपाळीने खेचली, आणि काका, “पेट्रोलचा कॉक उघडलाय का?” असे विचारेपर्यंत कोणीही खाली वाकून पाहिले नाही. कॉक बंद होता. काकांनी माझ्याकडे पाहिले, जणू मीच तो बंद केला होता.

यंत्र सुरू झाले तेव्हा निळसर धुराचा एक लोट उठला आणि होल्डरवाल्या बाई होल्डर न घेताच निघून गेल्या. “आवाज अजिबात नाही!” असे दुकानदार माझ्या कानाला तोंड लावून ओरडला. डेसिबलचा जो आकडा माहितीपत्रकात असतो तो बहुधा ७ मीटर अंतरावरून, आणि पुष्कळदा यंत्रावर पाव भार असताना मोजलेला असतो. दहा डेसिबल वाढले की कानाला आवाज जवळजवळ दुप्पट वाटतो. म्हणून ५५ आणि ६५ हे आकडे कागदावर शेजारी दिसत असले, तरी झोपायच्या खोलीत ते मुळीच शेजारी नसतात.

आता जे सांगतो त्यात गंमत फारशी नाही. घरात जोडणी कशी करायची, असे विचारल्यावर दुकानदाराने दोन्ही टोकांना प्लग असलेली एक वायर आनंदाने पुढे केली. एक टोक जनरेटरला, दुसरे भिंतीतल्या सॉकेटला, की सगळे घर उजळते. घर खरोखरच उजळते. पण मेन स्विच बंद करायचा राहिला तर तीच वीज उलटी बाहेरच्या तारांवर जाते, रोहित्रातून उलट्या दिशेने चढून तिचा दाब कित्येक पट वाढतो, आणि आपल्याच अंधारावर उपाय करायला खांबावर चढलेल्या माणसाला ती गाठते. शिवाय जनरेटर चालू असताना त्या वायरीचा मोकळा प्लग, त्याच्या उघड्या पिनांसकट, कोणाच्याही हाताला लागू शकतो. यासाठी चेंजओव्हर स्विच, म्हणजे घराला एका वेळी बाहेरची वीज किंवा जनरेटर यांपैकी एकाशीच जोडणारा स्विच असतो, तो जाणत्या वायरमनकडून बसवून घ्यायचा असतो. नाहीतर साधी एक्स्टेन्शन बोर्डाची वायर थेट उपकरणापर्यंत आणायची असते. मी हे म्हणालो तेव्हा दुकानदार म्हणाला, “सगळे असंच करतात.” काका म्हणाले, “आणि यंत्र गॅलरीत ठेवा, दार घट्ट लावून घ्या, म्हणजे आवाजही येणार नाही.” या धुरात कार्बन मोनॉक्साइड असतो, त्याला रंग नाही, वास नाही, दाराची फट त्याला पुरते, आणि झोपलेल्या माणसाला तो जागे करीत नाही. मी एवढे बोललो तेव्हा माझा आवाज थोडा चढला असावा, कारण ड्रिलवाल्या तरुणाने पहिल्यांदाच माझ्याकडे आदराने पाहिले.

मला हवे होते ते यंत्र दुकानात नव्हतेच. लहान इन्व्हर्टर जनरेटर हा प्रकार आधी तयार झालेली वीज एकदिश (बॅटरीसारखी, एकाच दिशेने वाहणारी) करून मग इलेक्ट्रॉनिक रीतीने पुन्हा स्वच्छ प्रत्यावर्ती (घरातल्यासारखी, दिशा बदलत राहणारी) बनवतो, त्यामुळे भार कमी असला की त्याच्या इंजिनाला सावकाश फिरण्याची मुभा असते. आवाज कमी, पेट्रोल कमी, लॅपटॉपलाही सुख. तेवढ्याच वॅटच्या साध्या यंत्रापेक्षा तो बराच महाग पडतो, हे खरे. तरीही हलक्या आणि तासन्‌तास चालणाऱ्या भारासाठी, खिसा ताणता येत असेल तर, मी तोच घेईन. खिसा ताणत नसेल तर चार-स्ट्रोकचे साधे लहान यंत्र, आणि तेही महिन्यातून एकदा चालवून पाहण्याचा उरक असेल तरच, कारण टाकीत राहिलेले पेट्रोल काही महिन्यांत शिळे होऊन कार्ब्युरेटर चिकटवते. दुकानदाराच्या मते असल्या यंत्रांना “उठाव नाही”. उठाव कसा असेल, दुकानात ठेवलेच नाही तर!

निघताना मी काकांना विचारले, की तुमच्याकडे कितीचा जनरेटर आहे?

“मला कशाला?” ते म्हणाले. “आमच्याकडे वीज जातच नाही.” आणि मग त्यांनी अडीचचा कपॅसिटर घेतला.

घरी येऊन मी निदान जागा तरी ठरवावी म्हणून टेप काढली. यंत्र घराबाहेर, दारेखिडक्यांपासून ६ मीटर तरी दूर ठेवावे, असे जाणकार सांगतात, आणि ते योग्यच सांगतात. अडचण एवढीच, की माझ्या खिडकीपासून ६ मीटर दूर गेले की मी बरोबर शेजाऱ्यांच्या खिडकीखाली पोहोचतो, आणि तेथून ६ मीटर दूर सरकलो की पुन्हा माझ्या. मी टेप धरून असा मागेपुढे करीत असताना शेजारी खिडकीत आले. काय मोजताय, असे त्यांनी विचारले, तेव्हा मी सगळे खरेखरे सांगितले, धुराचेही सांगितले.

“मग पलीकडच्या भिंतीला ठेवा,” ते म्हणाले. “ती जागा आमची आहे, पण शेजारधर्म म्हणून आमची हरकत नाही. आमचा फ्रिज तेवढा त्यावर घ्या म्हणजे झालं.”

मी कागद काढला आणि फ्रिज कितीचा आहे, असे विचारले.

“दोनशे नव्वद लिटर,” ते अभिमानाने म्हणाले.