पिशवीमुक्त रतीब

२०१९ च्या ऑगस्टमध्ये आमच्या सांगलीत कृष्णेचे पाणी आयर्विन पुलापाशी ५७ फुटांवर गेले आणि ओसरताना काठच्या बाभळींवर जे काही ठेवून गेले, त्यात दुधाच्या पिशव्या फार होत्या. शेंड्याला अडकून वाऱ्यावर फडफडणाऱ्या त्या पिशव्यांवरच्या हसऱ्या गायी नेमक्या माझ्याकडेच पाहत आहेत, असे मला वाटले. आमच्या घरी रोज दीड लिटर दूध लागते. म्हणजे अर्ध्या लिटरच्या तीन पिशव्या, वर्षाला १,०९५. रिकाम्या पिशवीचे वजन सुमारे तीन ग्रॅम धरले, तर सगळे मिळून साडेतीन किलोसुद्धा भरत नाही, अशी मी मनाची समजूत घालू पाहिली. परंतु बाभळीच्या शेंड्यावर जाऊन बसायला तीन ग्रॅमचीच वस्तू लागते, हे समोर दिसत होते.

त्याच संध्याकाळी मी घरात जाहीर केले, की यापुढे आपल्याकडची एकही पिशवी कचऱ्यात जाणार नाही. आईने जपमाळ न थांबवता विचारले, "मग कुठं जाणार?" चौऱ्याऐंशी वर्षांच्या माणसांना नेमका प्रश्न विचारण्याची वाईट सवय असते.

उत्तर माझ्यापाशी तयार होते. महाराष्ट्र शासनाने मार्च २०१८ मध्ये प्लॅस्टिकबंदीची जी अधिसूचना काढली, तिच्यात दुधाच्या पिशवीला अभय आहे, मात्र अटींवर: पिशवी ५० मायक्रॉनहून पातळ नसावी, तिच्यावर पुनर्खरेदीची किंमत छापलेली असावी आणि ती किमान ५० पैसे असावी. रिकामी पिशवी परत देऊन आठ आणे घ्यायचे, इतके हे सोपे. मी पिशव्या साठवू लागलो. पिशवी धुण्याचे एक शास्त्र असते, हे मला त्या निमित्ताने कळले. कोपरा कापताना तो पूर्ण तोडायचा नाही, एका बाजूने लोंबता ठेवायचा, कारण नखाएवढा तो तुकडा वेगळा झाला की कुणाच्याच हाती लागत नाही, तो थेट मोरीच्या जाळीत जाऊन बसतो. नंतर पिशवी एका बाजूने उभी चिरायची, आतली साय पाण्याने काढायची आणि चिमटा लावून दोरीवर वाळत घालायची. ही कामे मी स्वतः केली, म्हणजे पहिले चार दिवस केली. पाचव्या दिवसापासून ती पत्नीकडे कशी गेली, याची नोंद कुठेही नाही.

तीन महिन्यांनी २७० पिशव्यांचा गठ्ठा घेऊन मी कोपऱ्यावरच्या दुकानात गेलो आणि १३५ रुपये मागितले. दुकानदाराने आधी गठ्ठ्याकडे, मग माझ्या चेहऱ्याकडे, आणि शेवटी गल्ल्यावर बसलेल्या मुलाकडे पाहिले. मी अधिसूचनेचा हवाला दिला. पंचवीस पैसे २०११ सालीच चलनातून गेले असले, तरी आठ आण्यांचे नाणे कायद्याने आजही जिवंत आहे, हेही मी त्याला सांगितले. तो अत्यंत नम्रपणे म्हणाला, "काका, नाणं जिवंत आसंल, पन मी ते घेत न्हाई आन् देत बी न्हाई." भंगारवाल्याने गठ्ठा तागडीत टाकला, काटा पाऊण किलोच्या जरासा पुढे गेलेला पाहिला, आणि "एवढ्यासाठी पोतं कुठं सोडू?" असे म्हणून तो परत दिला. गठ्ठा माळ्यावर गेला.

मग पिशवीच नको, असा विचार आला. कागदी खोक्यातले दूध मुलाने पुण्याहून आणून पाहिले. पण त्या खोक्यात कागद साधारण तीन चतुर्थांश, बाकीचे प्लॅस्टिक आणि कागदासारखी पातळ ॲल्युमिनियमची पन्नी, आणि हे सगळे एकमेकांना असे चिकटलेले, की ते सोडवायला वेगळा कारखाना लागतो. आमच्या घंटागाडीवाल्याने खोके उलटेसुलटे करून "हे ओल्यात टाकू का सुक्यात?" असे मलाच विचारले. काचेच्या बाटलीविषयी मात्र मला जुनी माया होती. लहानपणी मुंबईला आत्याकडे गेलो, की आरेच्या केंद्रावर पत्र्याचे कार्ड दाखवून पन्नीच्या टोपणाची बाटली आणण्याचे काम माझ्याकडे असे. त्या मायेपोटी बाटलीतून दूध घालणारा एक तरुण गाठला. दूध उत्तम होते. बाटली मात्र आतल्या दुधाच्या निम्म्याहून जड होती, आणि आमच्या तीन मजल्यांच्या जिन्यावर दोन महिन्यांत चार बाटल्या फुटल्या. त्यातली एक माझ्या हातून फुटली, म्हणून त्या विषयाकडे मी फार वळत नाही.

राहिला गवळी. सांगलीवाडीचा एक गवळी मोटारसायकलीला दोन कॅन अडकवून पुलावरून आमच्या भागात येतो, हे आईला ठाऊक होते. मला ठाऊक नव्हते, कारण तो पहाटे साडेपाचला येतो. रतीब लागला. अट अशी, की खाली जाऊन भांडे धरायचे. ज्याने कल्पना काढली त्याने जायचे, यावर घरात प्रथमच एकमत झाले. अंगावर शाल, हातात कडीची किटली, अशा वेशात मी फाटकापाशी उभा राहू लागलो. गवळी मापाने दूध घाली, वर एक चुळकाभर जास्त टाकी आणि म्हणे, "साहेब, झोप झाली न्हाई वाटतं." म्हैस त्याहून लवकर उठत असल्यामुळे मला गप्प राहावे लागे.

पिशवीतले दूध डेअरीत ७२ अंशांवर पंधरा सेकंद तापवून लगेच थंड केलेले असते. ते झोपाळू माणसाला सांभाळून घेते. गवळ्याचे दूध असली सवलत देत नाही. ते घरात येताच तापवावे लागते, आणि तापताना त्याच्याकडे पाहत उभे राहावे लागते, कारण आपण वर्तमानपत्राची घडी उलगडण्याची ते वाट पाहत असते. पहिल्या आठवड्यात दूध दोनदा उतू गेले. दुसऱ्या आठवड्यात सलग तीन दिवस नासले. मी गवळ्यावर संशय घेतला, आणि बाजारातून दुधातले पाणी ओळखणारा लॅक्टोमीटरही आणला. आईने किटलीत नुसते बोट फिरवले आणि बोट माझ्यापुढे धरले. मी स्वच्छतेच्या उत्साहात दुधाचे भांडे थेट कढत पाण्याने धूत होतो, आणि त्या उष्णतेने दुधातली प्रथिने कडेला थिजून बसत होती. आधी गार पाण्याने खंगाळायचे, मग गरम पाणी. हे तिने न्हाणीघराच्या दारात उभे राहून मला दोनदा म्हणायला लावले. त्या तीन दिवसांच्या साडेचार लिटर दुधाचा कलाकंद झाला, आणि तो संपेपर्यंत घरात पर्यावरणाचा विषय कुणी काढला नाही.

तरीही चार महिने रेटले. घरात एकही पिशवी आली नाही, याचा हिशेब मी कॅलेंडरवर ठेवत होतो: ३६० पिशव्या, किलोभर प्लॅस्टिक. सोसायटीच्या बैठकीत त्यावर दहा मिनिटे बोललोही.

दुसऱ्याच दिवशी मला ताप आला आणि किटली घेऊन पत्नी खाली गेली. मी गॅलरीतून पाहत होतो. गवळ्याने कॅनचे झाकण उपसले, तसे झाकणाबरोबर काही तरी फडफडत वर आले. पुलाच्या रस्त्यावरच्या खड्ड्यांत दूध हिंदकळून सांडू नये, म्हणून झाकणाखाली घट्ट बसवलेली ती दुधाची पिशवी होती. उभी चिरलेली, स्वच्छ धुतलेली, कोपरा एका बाजूने लोंबता ठेवलेली. गाय हसत होती.

मी माळ्यावर पाहिले. गठ्ठ्याची जागा रिकामी होती.

"पूर्वी गवत कोंबायचा तो," पत्नी वर येऊन म्हणाली, "मीच म्हटलं, आमच्याकडं पडल्यात, घेऊन जा. रोज दोन्ही कॅनला ताजी पिशवी लागते त्याला." खालून गवळ्याने गाडी चालू करता करता हाक मारली, "वैनी, पिशव्या संपत आल्या की वो! पिशवीचं दूध परत कधी चालू करताय?"