पाऊस पनाळ धुऊन देत नसतो

मृग लागायला पंधरा दिवस राहिले की आमच्या गावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक मजकूर दरसाल फिरून येतो. यंदा तिघांनी पाठवला. त्याचं म्हणणं असं : टिनाच्या छताच्या कडेला पावसाचं पाणी वाहून न्यायला लावलेल्या पनाळीतला पाला काढत बसणं हे रिकामटेकड्यांचं काम आहे. पहिला पाऊसच तो धुऊन नेतो. पाला कडुनिंबाचा असला तर त्या पाण्यात डास होत नाहीत. पाल्यातून पाणी गाळून येतं, ते सरळ टाक्यात घ्या. फारच वाटलं तर वरून जाळी ठोका, जन्मात पाहायला नको. आणि तरी काढायचाच असेल तर घरातल्या पोराला टिनावर चढवा, दहा मिनिटांचं काम.

मजकुरात पनाळीला ‘गटर’ म्हटलं आहे. आमच्याकडे गटर म्हटलं की लोक नालीकडे पाहतात. लिहिणाऱ्याने टिनाचं घर बाहेरूनच पाहिलं असावं, असा मला तिथंच संशय आला.

आधी धुऊन नेण्याचं पाहू. मृगाची पहिली सर टिनावरची सात-आठ महिन्यांची धूळ, पाखरांची घाण, उडून आलेला कापूस असं सगळं घेऊन पनाळीत उतरते. कोरड्या पाल्यात ते कालवलं गेलं की त्याचा पोटीस होतो. पनाळीला उतार असतो तो दहा फुटांना इंचभर, तोही मिस्त्री चांगला मिळाला तर. एवढ्या उतारावर पाणी तो लगदा ढकलतं खरं, पण पाइपाच्या तोंडापर्यंतच. तिथं बूच बसतं. आता हिशेब करा. वीस बाय तीस फुटांचं छत म्हणजे साधारण ५६ चौरस मीटर. एक मिलिमीटर पाऊस पडला की त्यावर ५६ लिटर पाणी येतं. तासाभरात ४० मिलिमीटर कोसळला, आणि आपल्याकडे तो असा कोसळतोच, तर २,२४० लिटर झाले, म्हणजे दोनशे लिटरचे अकरा ड्रम. दुपाखी छत असेल तर एका बाजूच्या पनाळीच्या वाट्याला साडेपाच ड्रम. बूच बसलेल्या पनाळीतून हे पाणी बाहेरच्या काठावरून अंगणात पडलं तर नशीब समजायचं. बहुतेक वेळा मागचा काठ खाली असतो आणि पाणी भिंतीवरून उतरतं.

मजकूर लिहिणाऱ्याने पाला पाहिला, भिंतीखालची जमीन पाहिली नाही. आपली जमीन काळी कापसाची. भिजली की फुगते, सुकली की आकसते. उन्हाळ्यात वावरात मनगट जाईल एवढ्या भेगा पडतात त्या याच मातीच्या. घराच्या एकाच कोपऱ्यात पाणी मुरत राहिलं की तिथली माती फुगून पाया उचलते आणि बाकीचा पाया होता तिथंच राहतो. मग भिंत तिरपी फाटते. जुन्या घरांच्या पांढऱ्या मातीच्या भिंतींना तर एवढाही वेळ लागत नाही, त्या पायथ्याशी विरघळतात आणि एखाद्या झडीत बसतात.

माझ्या स्वयंपाकघराच्या खिडकीच्या कोपऱ्यातून अशीच तिरपी भेग निघाली. दोन वर्षं सिमेंट भरलं, दोन्ही वर्षं ती दिवाळीनंतर पुन्हा उघडली. मिस्त्री म्हणे पायाच कमजोर आहे, खोदावा लागेल, आणि त्याने आकडाही सांगून टाकला. आमची माय एवढंच म्हणाली, “पाणी कुठी पडते थे त पाय आंधी.” पाहिलं. पाइपाच्या तोंडाशी कडुनिंबाच्या फुलोऱ्याची चांगली चार बोटं जाड भाकर बसलेली होती आणि तिच्या मधोमध खर्र्याची, म्हणजे तंबाखू-सुपारीच्या पुडीची, पन्नी. पन्नी वर कशी गेली, हे घरात आजवर कोणी कबूल केलेलं नाही. पनाळ मोकळी केली, पाइपाला खाली वाकडा तुकडा लावून पाणी भिंतीपासून पाच फूट दूर सोडलं आणि मगच भेग भरली. तेव्हापासून ती मिटलेली आहे.

डासांचं. कडुनिंबात गुण आहेत, वाद नाही. पण आपण फवारणीसाठी पाच टक्के निंबोळी अर्क करतो तेव्हा शंभर लिटरला पाच किलो निंबोळ्या कुटून रात्रभर भिजत घालतो. पनाळीत पडलेल्या वाळक्या पाल्याची आणि त्या अर्काची काय बरोबरी? उलट डेंग्यूच्या डासाला असंच थोडं, सावलीतलं, पाला कुजलेलं पाणी आवडतं. अंड्यापासून उडता डास व्हायला आठ-दहा दिवस पुरतात, आणि कोरड्या पत्र्याला चिकटलेली अंडी कित्येक महिने तग धरून पुढच्या पाण्यात फुटतात. आरोग्य सेवक आठवड्यातून एक दिवस कोरडा पाळायला सांगतात, तेव्हा आपण फक्त रांजण उपडा करतो. पनाळ डोळ्यांसमोर नसते, म्हणून राहून जाते.

गाळून येण्याच्या गोष्टीवर मला खरंच राग येतो, कारण आम्ही खारपाणपट्ट्यातले, जिथं जमिनीतलं पाणीच खारं. अकोला, अमरावती, बुलडाणा या जिल्ह्यांत पूर्णेच्या काठाने ज्यांची घरं आहेत त्यांना छताच्या गोड पाण्याची किंमत सांगावी लागत नाही. वर्षाचा पाऊस ७५० मिलिमीटर धरला तरी त्याच छतावर ४२ हजार लिटर पडतं. थोडं वाया गेलं तरी ते पाणी सोडवत नाही. पण पाल्यातून आलेलं पाणी चहासारखं तांबूस असतं, त्याला वास येतो, आणि टाक्याच्या तोंडाशी रेती-गिट्टीची गाळणी असेल तर तीही चिकट होऊन बसते. पनाळ झाडलेली हवी आणि पहिल्या एक-दोन सरींचं पाणी बाहेर सोडायला हवं. पाला म्हणजे गाळणी नव्हे.

जाळीबद्दल मजकुराचं अर्धं खरं आहे. पाइपाच्या तोंडात तारेची उलट्या वाटीसारखी जाळी बसवा, ती कामाची. पूर्ण पनाळीवर ठोकलेल्या जाळीचं मात्र झाडावर अवलंबून आहे. गडचिरोली-चंद्रपूरकडे सागाचं पान ताटाएवढं, ते जाळीवर झाकणासारखं बसतं आणि पाणी त्यावरून घसरून बाहेर जातं. आमच्याकडे चिंचेचं पान आणि निंबाचा फुलोरा इतका बारीक की जाळीतून सरळ आत. मग आत लगदा आणि वर ठोकलेली जाळी, काढणार कसं? शिवाय माकडं. त्यांच्या एका उडीत जाळी पनाळीसकट वाकते.

वेळेचा तर मजकुरात पत्ताच नाही. निंबाचा पाला माघ-फाल्गुनात गळतो. पाडव्याला आपण त्याचा फुलोरा खातो आणि पुढे कितीतरी दिवस तो टिनावर पडत राहतो. म्हणून चैत्र संपल्यावर एकदा, रोहिणीत वावधान, म्हणजे वादळवारं, येऊन गेलं की पुन्हा, आणि पोळ्याच्या आसपास एकदा, एवढं पुरतं.

राहिला पोराला वर चढवण्याचा सल्ला. सिमेंटचे पत्रे जुने झाले की पायाखाली फुटतात, आणि पोरगं सरळ घरात पडतं. बहुतेक घरांची विजेची सर्व्हिस वायरही त्याच कडेवरून आत गेलेली असते. वर जायचं कामच नाही. एका बांबूच्या टोकाला टिनाचा तुकडा विळ्यासारखा वाकवून बांधा, शिडी भिंतीला टेकवून खाली एकाला धरायला उभं करा, वायरची बाजू सोडा आणि पाला पाइपाकडे नव्हे, तर पाइपापासून दूर ओढत या. पाइपाकडे ओढलं की अर्धा पाला पाइपातच जातो.