‘अलोन’ म्हणजे ‘सगळे एक’ नव्हे

गेले काही महिने एक मजकूर व्हॉट्सअ‍ॅपवर पुन्हापुन्हा फिरतो आहे. ‘अलोन’ हा इंग्रजी शब्द ‘ऑल’ आणि ‘वन’ मिळून झाला, म्हणून त्याचा खरा अर्थ ‘सगळे एकच आहेत’ असा. ‘अलोन’ असणे ही पूर्णत्वाची खूण, तर ‘लोनली’ होणे हा मनाचा दुबळेपणा. आणि हा भेद मराठीत नाहीच, असे तीन दावे त्यात आहेत.

पहिल्या दाव्यातली फोड बरोबर आहे, अर्थ मात्र चुकीचा लावलेला आहे. त्या जोडीतला ‘ऑल’ म्हणजे ‘सगळी माणसे’ नव्हे, तर ‘अगदी’, ‘पुरता’. आपण ‘एकटाच’ म्हणताना ‘च’ने जो जोर देतो, तसा. जर्मनमधला ‘अलाइन’ याच दोन घटकांचा बनला आहे आणि त्याचाही अर्थ साधा ‘एकटा’ एवढाच आहे. ‘वन’मधला ‘व’ तर उच्चारात मागाहून आलेला आहे; जुना ‘ओन’सारखा उच्चार ‘अलोन’ आणि ‘ओन्ली’ या शब्दांत आजही ऐकू येतो.

दुसरा दावा तर त्या शब्दांवरच अन्याय करतो. ‘अलोन’मधला ‘अ’ गळून ‘लोन’ झाला आणि त्यावरून ‘लोनली’; तोही आरंभी नुसता एकटा असलेल्यालाच म्हणत, त्यातली उदासी पुढे आली. आज ‘ही लिव्हज अलोन’ या वाक्यातून तो माणूस एकटा राहतो एवढेच कळते, तो सुखात आहे की दुःखात हे कळत नाही.

आणि मराठीत भेद नाही म्हणणाऱ्याने ‘एकांत’ आणि ‘एकाकी’ हे शब्द कधी शेजारी ठेवून पाहिले नसावेत. ‘येणे सुखे रुचे एकांताचा वास’ म्हणणाऱ्या तुकोबांना तिथे ‘एकाकीपणा’ चालला नसता. शिवाय आपल्याकडे हे काम क्रियापदही करते: एकटे ‘असणे’ वेगळे, एकटे ‘वाटणे’ वेगळे.

काका गेल्यानंतर पंधरा दिवसांच्या आत कुणीतरी हाच मजकूर माझ्या मावशीला सांत्वन म्हणून पाठवला, त्याचा मला फार राग आला, कारण तिच्या दुःखाला त्यात दुबळेपणा ठरवले होते. ती शांतपणे एवढेच म्हणाली, “एकटी आहे त्याचं काही नाही रे, दिवसभर कामं असतात. संध्याकाळी दिवा लावला की एकटं वाटतं.”