पोरांना जरा भिऊ द्या

लहान मुलांना भुताखेताचं काही म्हणजे काही दाखवू नये, असं मानणारे पालक हल्ली फार झालेत. परवा मुलीच्या वर्गाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर हाच विषय निघाला आणि बहुतेकांचं एकमत झालं. माझं झालं नाही. तिथं चार ओळींत मांडता येईना, म्हणून इथं लिहितेय.

दोन हजार सालाच्या आगेमागे शाळेत असलेली आमची पिढी एकत्र जमली की कुणीतरी 'करेज'चं नाव काढतंच. 'करेज द कावर्डली डॉग', कार्टून नेटवर्कवरचा तो गुलाबी कुत्रा. जॉन डिलवर्थनं ती मालिका 1999 मध्ये आणली. ओसाड माळावर एकच घर, त्यात प्रेमळ म्हातारी म्युरिअल, तिचा तुसडा नवरा युस्टेस आणि हा कुत्रा. त्यातला इजिप्तच्या राजा रामसेसच्या भुताचा भाग आठवतोय? अंधारात, वाऱ्यात उभी असलेली ती हडकुळी आकृती. बाकी सगळं हातानं काढलेलं चित्र आणि ती एकटीच कॉम्प्युटरवर केलेली, त्यामुळं ती त्या जगातली वाटायचीच नाही. आपली चोरीला गेलेली दगडी पाटी तेवढी परत मागत राहायची. पाटी परत दिली की प्रकरण मिटणार होतं. पण युस्टेसला तिचे पैसे मिळणार असतात, म्हणून तो देत नाही. घरात पाणी शिरतं, टोळधाड येते, तरी देत नाही. आठ-नऊ वर्षांच्या पोरांना हाव म्हणजे काय हे याहून चांगलं कुणी सांगितलं असेल असं मला वाटत नाही.

आणखी एक गोष्ट मोठं झाल्यावर लक्षात आली. त्या मालिकेत भुतं रोज नवी यायची, पण युस्टेस रोज तोच असायचा. हिरवा मुखवटा घालून कुत्र्याला दचकवणारा, उगाच खेकसणारा. घरातल्याच माणसाची भीती वाटू शकते, हे त्या कार्टूननं आडपडदा न ठेवता दाखवलं. कितीतरी पोरांना ते बघताना आपलं घर दिसलं असेल. आणि करेज शेवटपर्यंत भित्राच राहायचा. थरथरायचा, किंचाळायचा आणि तसाच थरथरत म्युरिअलला वाचवायला जायचा. छाती पुढं काढून चालणारे हिरो आम्ही पैशाला पासरी बघितले होते, असा एकच बघितला.

माझ्या मावशीच्या पिढीचा वेताळ होता. दूरदर्शनवर 1985 मध्ये रामानंद सागर यांची 'विक्रम और बेताल' लागायची, अरुण गोविल राजा आणि सज्जन वेताळ. मावशी सांगते, कागलला शेजारच्यांच्या घरी टीव्ही होता आणि मालिकेच्या वेळी उंबऱ्यापर्यंत पोरं बसायची. पांढऱ्या केसांचा वेताळ राजाच्या पाठीवर बसून गोष्ट सांगणार, शेवटी कोडं घालणार. उत्तर माहीत असून गप्प राहिलास तर डोक्याची शकलं होतील आणि बोललास तर मी चाललो परत झाडावर. काय जबरदस्त पेच आहे बघा! स्मशान, मढं सगळं आहे, पण पोरांचं डोकं गुंतलंय न्यायात. तिघांतला खरा गुन्हेगार कोण, मुलगी द्यायची कुणाला. 'चांदोबा'मुळं हा वेताळ मराठी घरात आधीच ओळखीचा होता. आणि कोल्हापुरात तर शिवाजी पेठेत वेताळमाळ तालीमच आहे. वेताळाच्या नावाच्या तालमीत पोरं जोर मारतात अशा गावात भुताच्या नावानं एवढं बिचकायचं कशाला?

सुट्टीत आम्ही कागलला असलो की टीव्हीपुढं मावशीचा एकच नियम असायचा. "बघायचं तर पुरं बघा. शेवट झाल्याबिगर कुणी उठायचं न्हाई." तेव्हा तो जाच वाटायचा, पण त्यातच सगळी मेख आहे असं मला आता वाटतं. अर्धवट बघून पळालेलं पोर रात्रभर जागं राहायचं, पुरं बघितलेलं झोपायचं. मध्येच लाईट गेली तर मावशी कंदील लावून उरलेली गोष्ट स्वतः जुळवून सांगायची. कधी कधी तिचा शेवट मूळच्यापेक्षा भारी असायचा.

'स्कूबी-डू'चं तर वेगळंच. अमेरिकेत साठच्या दशकात शनिवार सकाळच्या कार्टूनमध्ये मारामारी फार होते म्हणून पालकांनी आवाज उठवला, तेव्हा सौम्य काहीतरी हवं म्हणून 1969 मध्ये ही मालिका आली. प्रत्येक भागात भूत, आणि शेवटी मुखवटा ओढला की आत कुणीतरी जमीन किंवा पैसा लाटायला निघालेला माणूस. आम्ही ती बघायचो त्याच वर्षांत आमच्या शाळेत अंनिसचे, म्हणजे अंधश्रद्धा निर्मूलन समितीचे, कार्यकर्ते यायचे. लिंबातून रक्त काढून दाखवायचे आणि मग सुरीला आधीच लावलेलं रसायन दाखवायचे. जिभेवर जळता कापूर ठेवायचे, मग आम्हाला त्यातली युक्ती सांगायचे. आम्हा पोरांच्या डोक्यात या दोन्ही गोष्टी आपोआप जोडल्या गेल्या. भुताचं कार्टून बघून पोरं अंधश्रद्धाळू होतात म्हणणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावं.

'आहट' आणि 'झी हॉरर शो' मी यात धरत नाही. त्या मोठ्यांच्या मालिका, आम्ही चादरीतून चोरून बघितल्या, आणि त्या पोरांसाठी नव्हत्याच.

आता माझ्या मुलीचं सांगते. मालिका आम्ही बंद ठेवल्या, पण फोन आहेच. एक दिवस स्क्रोल करताना शांत खोलीचा व्हिडिओ आला आणि सात-आठ सेकंदांत एकदम किंचाळणारा चेहरा. पोर फोन टाकून पळाली. पुढं बरेच दिवस बाथरूमला एकटी जाईना. तो चेहरा कोणाचा, त्याला काय हवं होतं, तो गेला कसा? काहीच नाही. विचारायला पात्र नाही, शेवट नाही, शेजारी बसलेलं कुणी नाही. रामसेसला पाटी हवी होती, वेताळाला उत्तर हवं होतं. त्या चेहऱ्याला फक्त तिला दचकवायचं होतं. आपण मुलांची भीती बंद केलेली नाही. भीतीभोवतीची गोष्ट तेवढी काढून घेतलीय. जुन्या मालिकांची ओढ वाटते ती या गोष्टीमुळं, निव्वळ लहानपणीचं म्हणून नाही.

सगळ्यात जास्त हळहळ वाटते ती मराठीची. रत्नाकर मतकरींनी एका हातानं गूढकथा लिहिल्या, दुसऱ्या हातानं 'अलबत्या गलबत्या' लिहिलं. त्यातल्या चेटकिणीला भिऊन आईच्या कुशीत शिरलेली पोरं पुढच्या मिनिटाला खुर्चीवर उभी राहून ओरडतात. नारायण धारपांच्या भयकथांचं भांडार आहे. आणि आमचं कोल्हापूर! बाबूराव पेंटरांनी इथं 1920 मध्ये 'सैरंध्री' चित्रपट काढला, त्यातला कीचकवध इतका खरा वाटला की तो कापावा लागला. एवढं घरात असताना मराठी वाहिन्यांना मुलांसाठी एक बरी भुताची मालिका काढता येऊ नये? लिहिणारे आहेत, रंगभूषावाले आहेत, वाडे आहेत. वाहिनीत काम करणारं कुणी हे वाचत असेल तर खरंच मनावर घ्या.

तोवर आमच्यापुरतं ठरवलंय. मे महिन्यात दर शनिवारी संध्याकाळी गल्लीतल्या पोरांना आमच्या गच्चीवर बोलावणार आहे. एक भाग करेजचा, एक विक्रम-वेताळचा, आणि मावशीचा नियम लागू. मावशीही येणार आहे कागलहून. पडद्याला चादर आहे, प्रोजेक्टर मिळायचाय. मंगळवार पेठेच्या आसपास कुणाकडं असेल तर मेसेज करा.