शेतकऱ्याच्या पोरांना शेती कशाला शिकवायची? एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार सर,

शाळेत शेती शिकवण्याबद्दलच्या माझ्या मागच्या लेखावरची आपली प्रतिक्रिया नीट वाचली. आपण लिहिलंय, 'शेतकऱ्याच्या पोरांना शेती घरीच येते. बी.एड.च्या इंटर्नशिपला आलेल्या बाईंनी त्यांना माती चिवडायला लावण्यापेक्षा गणित-इंग्रजी पक्कं करून घ्यावं. पोरांना शेतीतून बाहेर काढायचंय, परत ढकलायचं नाही.' आयुष्यभर हायस्कूलला शिकवलेल्या माणसाची ही तळमळ आहे, म्हणून सविस्तर लिहिते.

काम त्यांना येतं, हे अगदी खरं. नववीतल्या पोरी भांगलण, टोकणी इतक्या सफाईनं करतात की त्यात शिकवण्यासारखं काही नाही. पण खत किती टाकायचं, कधी टाकायचं, का टाकायचं, हे त्यांना कुणी विचारत नाही आणि सांगतही नाही. ते घरातली मोठी माणसं ठरवतात, आणि त्यांना बऱ्याचदा दुकानदार सांगतो.

गणिताचं म्हणाल तर युरियाच्या रिकाम्या पोत्याची तासिका सांगते. पोत्यावर '४६ टक्के नत्र' छापलेलं असतं आणि वजन ४५ किलो. मग एका पोत्यात नत्र, म्हणजे नायट्रोजन, किती? पुस्तकातल्या नफा-तोट्याला गप्प बसणारा वर्ग इथं वह्या काढून बसला. उत्तर आलं २०.७ किलो. 'सुरू' उसाला, म्हणजे डिसेंबर ते फेब्रुवारीत लावलेल्या उसाला, शिफारस हेक्टरी २५० किलो नत्राची, म्हणजे एकरी १००. सगळं नत्र नुसत्या युरियातून द्यायचं म्हटलं तरी पाच पोती पुरून थोडं उरतं. तेवढ्यात मागच्या बाकावरची एक मुलगी म्हणाली, "मॅडम, आमच्यात सात पडत्यात. वर दहा-सव्वीस वेगळंच." दहा-सव्वीस म्हणजे १०:२६:२६ हे मिश्रखत, त्यातही नत्र असतंच. मग वर्गभर आपापल्या घरचे आकडे सुरू झाले. तिच्या वडिलांनी लगेच खत कमी केलं नाही, आणि करावं असं मी म्हणणारही नाही. घरचं वर्षाचं उत्पन्न माझ्या एका तासिकेवर पणाला लावायचं नसतं. पण टक्केवारी तिला आता विसरता येणार नाही.

माती 'चिवडण्या'बद्दलही लिहायला हवं. माती परीक्षणासाठी नमुना घेताना बांधाकडेची, झाडाखालची, उकिरड्याजवळची जागा सोडायची. शेतात ठिकठिकाणी इंग्रजी व्ही अक्षरासारखे वीतभर खोल खड्डे घ्यायचे, कडेची माती वरपासून खालपर्यंत खरवडायची, सगळी एकत्र करून चार भाग करायचे, समोरासमोरचे दोन टाकून द्यायचे, आणि अर्धा किलो उरेपर्यंत हेच करत राहायचं. एका मुठीनं सगळं शेत कळत नाही, हे पोरं इथं हातानं शिकतात. काहींचे मामा शिरोळकडचे आहेत. पाणी आणि खत बेसुमार झालं की जमीन क्षारपड, म्हणजे क्षार साचून नापीक, कशी होते, ते त्यांनी डोळ्यांनी पाहिलंय. त्याचं कारण मात्र वर्गात पहिल्यांदा ऐकलं.

आता शेतीतून बाहेर काढण्याचं. यातले बरेच जण नोकरीच करतील, करावीच. पण आपल्याकडे शिरोलीला, गोकुळ शिरगावला किंवा कागलला एमआयडीसीत ड्यूटी करून आलेला माणूस रात्री पाळीचं पाणी पाजायला जातोच ना? वीस-तीस गुंठे असले तरी रान कुणी सोडत नाही. त्या रानाचे निर्णय उद्या हीच पोरं घेणार, आणि पोरीसुद्धा. सातबाऱ्यावर नाव नसलं तरी निम्म्याहून जास्त काम बाईच करते. तिला पोत्यावरचं वाचता यावं, एवढा माझा हट्ट आहे.

एक मुद्दा मात्र मी पूर्ण मान्य करते. पोरांना चार सलग वाक्यं लिहिता येत नाहीत. म्हणून सोयाबीनच्या उगवणीची चाचणी घेताना रोजचं निरीक्षण लिहायला लावते. ओल्या गोणपाटावर शंभर दाणे मांडायचे, सत्तरपेक्षा कमी उगवले तर बियाणं जास्त धरायचं. नुसते आकडे नाहीत, काय दिसलं ते वाक्यात. त्या वह्या विषयशिक्षकांकडे राहतील, मी गेल्यावरही.

माती परीक्षणाचे अहवाल आले की आम्ही ते वर्गात वाचणार आहोत. आपण करवीर तालुक्यातच राहता असं लिहिलंय. त्या तासिकेला आलात तर फार बरं वाटेल. टक्केवारीनंतर कोणतं गणित घ्यावं, हेही आपल्याला विचारायचं आहे.