‘दर सहा महिन्यांनी गोळी थांबवा’ हा मेसेज पुढे पाठवण्याआधी

गेले काही महिने आमच्या मेडिकलच्या काउंटरवर बायका मोबाइल पुढे करून एकच मेसेज दाखवतात आणि विचारतात, “ताई, हे खरं आहे का?” मेसेज थोडक्यात असा: कुटुंबनियोजनाच्या गोळ्यांनी गर्भाशय सुकतं, रक्ताच्या गाठी होतात, कॅन्सर होतो. घ्यायच्याच असतील तर दर सहा महिन्यांनी दोन महिने बंद ठेवून शरीराला विश्रांती द्या. रोज घेण्यापेक्षा गरज पडेल तेव्हा एकच गोळी घ्या. नाहीतर पाळीनंतरचे दहा दिवस मोकळे समजा.

मी शिक्षणाने फार्मासिस्ट आहे आणि अठरा वर्षं या काउंटरमागे उभी आहे. मेसेजमधला सगळ्यात घातक मुद्दा कॅन्सरचा नाही, विश्रांतीचा आहे. म्हणून सुरुवात तिथूनच करते.

“दर सहा महिन्यांनी शरीराला विश्रांती द्या.” हे ऐकायला मायेचं वाटतं. पण माला-डी, माला-एनसारख्या गोळ्यांतली हार्मोन्स अंगात साठून राहत नाहीत. प्रत्येक पांढऱ्या गोळीत 0.15 मिलिग्रॅम लिव्होनॉरजेस्ट्रेल आणि 0.03 मिलिग्रॅम एथिनिल इस्ट्राडिओल (हे इस्ट्रोजेन) असतं. गोळी बंद केली की काही दिवसांत ते शरीरातून निघून जातं. विश्रांती घेऊन बाहेर काढावं असं काही उरतच नाही. त्या दोन महिन्यांत एकच गोष्ट होते, बीज पुन्हा सुटायला लागतं. दोन वर्षांचं मूल कडेवर घेऊन आलेली एक बाई माझ्या डोळ्यांपुढून हलत नाही. हा मेसेज वाचून तिने गोळ्या थांबवल्या, दुसऱ्याच महिन्यात दिवस गेले, आणि ती आमच्याकडे गर्भ पाडायच्या गोळ्या मागायला आली. त्या तशा द्यायच्या नसतात. मी तिला डॉक्टरांकडे पाठवलं. तिची काही चूक नव्हती, तिने मिळालेला सल्ला तंतोतंत पाळला होता.

याच सल्ल्याचा दुसरा तोटा मेसेज लिहिणाऱ्याच्या ध्यानातही आलेला नाही. रक्ताच्या गाठीचा धोका गोळी सुरू केल्यावर पहिल्या काही महिन्यांत सर्वांत जास्त असतो, मग उतरत जातो. चार आठवडे किंवा त्याहून जास्त थांबून पुन्हा सुरू केलं की तो सुरुवातीचा धोका परत येतो. म्हणजे ज्या गाठींची भीती मेसेज घालतो, त्यांचाच धोका ‘विश्रांती’ पुन्हा पुन्हा उभा करते. गोळी चालत असेल तर सलग घ्यावी. मूल हवं असेल, नको झाली असेल किंवा डॉक्टरांनी सांगितलं, तरच बंद करावी.

“रक्ताच्या गाठी होतात.” यात तथ्य आहे, म्हणून आकड्यांत बोलू. गोळी न घेणाऱ्या आणि गरोदर नसलेल्या 10,000 बायकांमध्ये वर्षभरात 1 ते 5 जणींना शिरेत गाठ होते. अशी गोळी घेणाऱ्या 10,000 जणींमध्ये 3 ते 9 जणींना. गरोदरपणात हाच आकडा 5 ते 20 असतो आणि बाळंतपणानंतरच्या 12 आठवड्यांत 40 ते 65 वर जातो. धोका आहे, पण बहुतेकींसाठी तो गरोदरपणापेक्षा कमी आहे.

‘बहुतेकींसाठी’ या शब्दावर मात्र थांबायला हवं. काही बायकांनी ही गोळी खरोखर घेऊ नये, आणि त्यांच्यासाठी या मेसेजमध्ये एक ओळसुद्धा नाही याचा मला राग येतो. बीपी 140/90 किंवा त्याहून वर असेल, वय 35 च्या पुढे असून सिगारेट-बिडीची सवय असेल, पूर्वी पायात किंवा फुप्फुसात गाठ झाली असेल, हृदयविकार किंवा लकवा होऊन गेला असेल, स्तनाचा कॅन्सर झालेला असेल, लिव्हरचा गंभीर आजार असेल, मधुमेहाने डोळे, किडनी किंवा नसांवर परिणाम केला असेल, तर ही गोळी नको. अर्धशिशी उठण्याआधी डोळ्यांपुढे नागमोडी रेघा किंवा चमक दिसत असेल तरीही नको, कारण अशा बायकांना लकव्याचा धोका वाढतो. अंगावर पाजणाऱ्या आईने बाळ सहा महिन्यांचं होईपर्यंत थांबावं. टीबीची रिफाम्पिसिन आणि फिटची फेनिटॉइन, कार्बामॅझेपिन ही औषधं गोळीचा असर कमी करतात, तेव्हा ती चालू असतील तर डॉक्टरांना विचारून दुसरा उपाय घ्यावा. सर्दी-तापाच्या साध्या अँटिबायोटिकने असं होत नाही.

यातलं बरंचसं दोन मिनिटांच्या बोलण्यात कळतं. बीपी उपकेंद्रातल्या नर्सताई मोजून देतात. पहिलं पाकीट फोडण्याआधी तेवढं करून घ्या.

ज्यांना ही गोळी चालत नाही त्यांच्यापुढेही वाटा आहेत. सरकारी दवाखान्यात ‘छाया’ ही गोळी मोफत मिळते. लखनऊच्या केंद्रीय औषध संशोधन संस्थेत तयार झालेल्या या औषधात इस्ट्रोजेन नाही. पहिले तीन महिने आठवड्यातून दोनदा, नंतर आठवड्यातून एकदा घ्यायची, आणि अंगावर पाजणाऱ्या आईलाही चालते. लिव्हरचा आजार किंवा पीसीओडी (पाळी अनियमित करणारा बीजकोषाचा विकार) असेल तर मात्र तीही विचारूनच घ्यावी. तांबी आहे, निरोध आहे.

“गर्भाशय सुकतं, मूल होत नाही.” गर्भाशय सुकत नाही. गोळ्या बंद केल्यावर पाळी नीट बसायला कुणाला एक महिना लागतो, कुणाला तीन. वर्षभरात दिवस जाण्याचं प्रमाण कधीच गोळी न घेतलेल्यांइतकंच असतं. हा समज येतो कुठून, याची दोन कारणं मला काउंटरवर दिसतात. एक, तीन महिन्यांच्या ‘अंतरा’ इंजेक्शननंतर दिवस जायला शेवटच्या सुईपासून सात ते दहा महिने लागू शकतात, आणि लोक सुई आणि गोळी एकाच पारड्यात टाकतात. दोन, पीसीओडीमुळे पाळी आधीच अनियमित असते. गोळीवर ती दर महिन्याला येते, गोळी थांबली की मूळचा घोळ परत दिसतो आणि दोष गोळीला मिळतो.

“कॅन्सर होतो.” कोणता कॅन्सर, ते सांगायला हवं होतं. गोळीने बीजकोषाच्या आणि गर्भाशयाच्या अस्तराच्या कॅन्सरचा धोका कमी होतो, आणि हा फायदा गोळी थांबवल्यावरही अनेक वर्षं टिकतो. स्तनाच्या कॅन्सरचा धोका थोडा वाढतो. डेन्मार्कमधल्या सुमारे 18 लाख बायकांच्या 2017 च्या अभ्यासात ही वाढ साधारण 7,690 जणींमागे वर्षाला एक जादा रुग्ण एवढी दिसली. पाच वर्षांहून जास्त घेतल्यास गर्भाशयमुखाच्या कॅन्सरचा धोकाही वाढतो, थांबवल्यावर तो उतरतो. तेव्हा गर्भाशयमुखाची तपासणी करून घ्यावी. हे लपवायचं काहीच कारण नाही. पण अर्धी बाजू सांगून बाईला घाबरवणं हा अन्याय आहे.

“गरज पडेल तेव्हा एकच गोळी घ्या.” ही तातडीची गोळी. तिच्यात 1.5 मिलिग्रॅम लिव्होनॉरजेस्ट्रेल असतं, म्हणजे रोजच्या गोळीतल्या त्याच औषधाच्या दहापट. निरोध फाटला, गोळ्या चुकल्या, जबरदस्ती झाली, अशा वेळी ती 72 तासांच्या आत, जितक्या लवकर तितकी चांगली. पण ती आधीच्या संबंधापुरतीच असते, पुढच्या दिवसांची हमी देत नाही. रोजच्या गोळीइतकी भरवशाचीही नाही, आणि वारंवार घेतल्यास पाळीचं वेळापत्रक पार बिघडतं. पाळी आठवडाभर लांबली तर लघवीची तपासणी करावी.

“पाळीनंतरचे दहा दिवस मोकळे.” बीज पुढच्या पाळीच्या साधारण 14 दिवस आधी सुटतं. पाळी दर 26 दिवसांनी येत असेल तर ती सुरू झाल्यापासून बाराव्या दिवशी. शुक्राणू पाच दिवस जिवंत राहू शकतात, म्हणजे सातव्या दिवसापासूनच धोका. पाळी पाच दिवस चालली तर त्यापुढचे दहा दिवस म्हणजे सहावा ते पंधरावा. नेमके दिवस जाण्याचेच दिवस मेसेजने मोकळे ठरवले आहेत.

आता मेसेजमध्ये नसलेली, पण रोज विचारली जाणारी गोष्ट: गोळी राहिली तर? एक किंवा दोन पांढऱ्या राहिल्या तर आठवल्याबरोबर एक घ्या आणि त्या दिवसाची नेहमीच्या वेळी घ्या. एका दिवसात दोन झाल्या तरी चालतं. तीन किंवा जास्त राहिल्या तरी आठवल्याबरोबर एक घेऊन पुढच्या चालू ठेवा, पण सात दिवस निरोध वापरा. हे तिसऱ्या आठवड्यात झालं तर पांढऱ्या संपल्यावर पाकिटातल्या शेवटच्या तपकिरी गोळ्या सोडून थेट नवं पाकीट धरा. पहिल्या आठवड्यात झालं आणि संबंध आला असेल तर तातडीच्या गोळीसाठी विचारा. गोळी घेतल्यावर दोन तासांच्या आत उलटी झाली तर दुसरी घ्या. शेवटच्या सात तपकिरी गोळ्या लोहाच्या. त्या राहिल्या तर दिवस जात नाहीत, पण नवं पाकीट उशिरा सुरू करणं ही सगळ्यात महागात पडणारी चूक आहे, आणि ती मी सर्रास बघते. तपकिरी गोळ्या फेकून दिलेल्या बाईचा दिवसांचा हिशोबच सुटतो.

गौरी-गणपतीच्या आधी पाळी पुढे ढकलायच्या गोळ्या मागायला जी रांग लागते, तिच्यातल्या कित्येकींना वाटतं की त्यांनी दिवसही जात नाहीत. तसा भरवसा त्यांच्यावर ठेवता येत नाही. पूर्वी गाठ झालेल्या बाईने त्याही घेऊ नयेत. आणि जी आधीच माला-डी घेते तिला वेगळ्या गोळीची गरजच नाही, पांढऱ्या संपल्या की दुसऱ्या पाकिटातली पांढरी सुरू केली की पाळी पुढे जाते.

गोळीवर असताना एका पायाची पोटरी सुजून दुखायला लागली, छातीत दुखलं, दम लागला, कधी नव्हे एवढं डोकं ठणकलं, नजर किंवा बोलणं अचानक गेलं, तर सकाळपर्यंत वाट बघू नका. दवाखान्यात जा, आणि पाकीट सोबत न्या.