कट

"तुझा सपोर्ट कट झाला," मावसभाऊ म्हणाला आणि ब्रेड कटात बुडवला. ब्रेड माझ्या वाटणीचा होता.

खेळ डिप्लोमसी. १९५९ साली बाजारात आलेला, फासे नसलेला. सात जणांनी १९०१ सालच्या युरोपातली सात राष्ट्रं घ्यायची, हुकूम चिठ्ठीवर लपवून लिहायचे, चिठ्ठ्या एकदम उघडायच्या. तुकडी कुणाचीही असो, ताकद एकच. एकास एक भिडली की दोघी जागच्या जागी. समोरच्याला हुसकायचं तर दुसऱ्या तुकडीचा सपोर्ट पाहिजे. शिवाजी पेठेत मित्राच्या सोप्यात आम्ही दर रविवारी हेच करतो.

मी ऑस्ट्रिया. बुडापेस्टहून रुमानियावर चढाई, सर्बियातल्या माझ्याच दुसऱ्या तुकडीचा सपोर्ट. दोनास एक! रुमानियात बसलेल्या रशियाची गठडी वळलीच होती. तेवढ्यात तुर्कस्तान, म्हणजे हा मावसभाऊ, बल्गेरियातून सर्बियावर आला. सर्बिया त्याला मिळाला नाही. त्याला तो नकोच होता. धडक फसली तरी सपोर्ट तुटतो, असा नियमच आहे. दहा मिनिटांपूर्वी गच्चीवर यानं मला आईची शपथ घेऊन शब्द दिला होता. त्याची आई माझी सख्खी मावशी!

मित्राचे आप्पा दिवाणावर अडकित्ता घेऊन बसलेले.

"सर्बिया पडला न्हाय नव्हं?"

"नाही आप्पा."

"मग तुझ्या मागं हुबाच हाय की त्यो."

"उभा आहे, पण सपोर्ट तुटला."

"उठ. ह्यो पेटारा ढकल."

पेटारा लोखंडी, आत लग्नातली भांडी. मी रेटा दिला, मित्रानं मागून मला रेटलं. पेटारा इंचभर हलला, तोच आप्पांनी मित्राच्या बगलेत बोट घातलं. तो खिदळत बाजूला झाला, मी पेटाऱ्यावर आपटलो. नडगी अजून निळी आहे.

"आलं ध्यानात. पर ह्यो गडी हसला म्हणून सुटला. तुझा सर्बिया हसतूय व्हय?"

याला काय उत्तर देणार?

"आन् रशियानंच सर्बियाला हाणलं असतं तर?"

"मग तुटला नसता. जिथं चढाई चाललीय तिथूनच हल्ला आला तर सपोर्ट राहतो. सर्बियालाच हुसकून लावलं तर गोष्ट वेगळी."

"म्हंजे वैऱ्याचं भ्या न्हाय, मावसभावाचं हाय."

मावसभाऊ तर्री मागत होता.

तसा हा नियम मला नवा नाही. मागच्या महिन्यात अपार्टमेंटच्या मीटिंगमध्ये पाण्याच्या मोटरीचा हिशेब मी मागितला. शेजारी म्हणाले होते, "तुम्ही उठा, आम्ही आहोत." मी उठलो. सेक्रेटरींनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. शेजाऱ्यांना एवढंच विचारलं, "तुमचा मेंटेनन्स कधीपर्यंतचा भरलाय?" शेजाऱ्यांना एकदम फोन आला. फोन वाजलेला कुणीच ऐकला नाही. हिशेब आजतागायत मिळालेला नाही, आणि सकाळी सातनंतर तिसऱ्या मजल्यावर नळाला नुसती हवा येते. तिथं निदान नियमांचं पुस्तक तरी असावं!

असो. रुमानिया गेला तर गेला, बुडापेस्ट तरी राखावं म्हणून मी पटाकडे वळलो. आमच्या संचातल्या चार-पाच सोंगट्या हरवल्यात. बुडापेस्टात माझी तुकडी म्हणून अख्खी सुपारी ठेवली होती. ती जागेवर नव्हती. मी मावसभावाकडे बघितलं. त्यानं दोन्ही हात वर केले.

दिवाणावरून आवाज आला. कट्ट.

"कुबट हाय रं," आप्पा म्हणाले.